ठाऊक नाही

आमच्या जिल्ह्यात नवापूर नावाचे एक रेल्वे स्थानक आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे स्थानक थोडे महाराष्ट्रात आणि थोडे गुजरातेत आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे. त्याच्या मध्यावर रेघ ओढून एका अंगाला महाराष्ट्र आणि दुसऱ्या अंगाला गुजरात असे लिहिलेले आहे. नवखे प्रवासी तिथे हौसेने बसतात, छायाचित्रे काढून घेतात आणि हसतात. वस्तुतः त्यात बाकाचा काही पराक्रम नाही. लोहमार्ग पुष्कळ जुना. सीमा मात्र १ मे १९६० ची. मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा स्थानक होते तिथेच राहिले आणि रेघ येऊन त्याच्यावर पडली.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी या बाकावर माझ्या भाचीशेजारी बसले होते. सुरतेला जाणारी संध्याकाळची गाडी उशिरा येणार होती. तिला निरोप देणे हे माझ्या येण्याचे वरवरचे कारण होते; खरे कारण निराळे होते. माझी धाकटी बहीण नवापुरास असते. मी नंदुरबारात. चाळीस वर्षांच्या शाळेतील नोकरीमुळे घरातल्या सर्व अडलेल्या गोष्टी माझ्याकडे निकालासाठी येतात. ‘ताई, तू तिला एकदा समजाव. तुझे ती ऐकेल,’ असा बहिणीचा फोन आला आणि मी गाडीत बसले.

अडचण थोडक्यात सांगण्याजोगी आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची. विज्ञानाची पदवी घेतल्यावर दोन वर्षे पुण्यास राहून तिने स्पर्धापरीक्षांचा अभ्यास केला. यश थोडक्यात हुकले. मग आमच्याच भागातील एका आश्रमशाळेत वर्षभर कंत्राटी शिक्षिका झाली. ते सोडून आता सुरतेच्या एका कापडाच्या पेढीत साड्यांची नक्षी संगणकावर काढते. तिथेही ती टिकेल की नाही, याची खात्री तिला स्वतःलाच नाही. शहाद्याचे एक चांगले स्थळ सांगून आले होते. तिने ‘थांबा’ म्हटले, आणि ते थांबले नाहीत. दुसरीकडे कॉलेजातला एक मित्र आहे. तो नाशिकला कारखान्यात नोकरी करतो. त्याने दीड वर्षापूर्वी तिला विचारले आहे. त्यालाही तिने धड होकार दिलेला नाही, धड नकारही नाही.

मी मनात एक छोटेसे भाषण जुळवून गेले होते. वर्गात मी अशी भाषणे पुष्कळ केली आहेत. माणसाने आयुष्यात काय व्हायचे ते एकदा ठरवावे, ठरवले की मागे पाहू नये, आणि धरसोड ही दुर्बळ मनाची खूण आहे, असा त्याचा सारांश. तो मी बाकावर बसून तिला सांगितला. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी मी विचारले, “मग, तुला नेमके हवे तरी काय?”

ती म्हणाली, “मावशी, मला ठाऊक नाही.”

खरे सांगायचे तर या उत्तराचा मला राग आला. परीक्षेत मुलाने कोरा कागद द्यावा तसे ते मला वाटले. परंतु गाडी उशिरा होती. गाडी वेळेवर आली असती तर मी रागातच घरी परतले असते आणि हा लेख लिहिला गेला नसता. त्या तासाभरात जे बोलणे झाले आणि नंतर माझे माझ्याशी जे बोलणे झाले, त्याचा हा हिशेब आहे. ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याचा एखाद्या तरुण मुलीला नैतिक अधिकार आहे काय, असा तो साधा प्रश्न आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मुलगा तीन नोकऱ्या बदलतो तेव्हा आपण म्हणतो, ‘अजून जम बसायचा आहे.’ मुलगी तीन नोकऱ्या बदलते तेव्हा ‘तिचे कशातच लक्ष नाही’ म्हणतो. मुलगा तिशीपर्यंत अविवाहित राहिला तर तो स्वतःच्या पायांवर उभा राहत असतो. मुलगी राहिली तर तिचे ‘जमत नाही’. एकाच गोष्टीला ही दोन नावे देण्याचे कारण मला असे दिसते की मुलाचा काळ हा त्याचा स्वतःचा समजला जातो आणि मुलीचा काळ हा कुणाकडून तरी उसना आणलेला. उसना आणलेला पैसा उडवला की रागे भरण्याचा हक्क सावकाराला पोहोचतो. आपण आईबाप, मावश्या, काकू त्या सावकारीच्या हक्काने बोलत असतो. बोलताना मात्र त्याला काळजी म्हणतो.

मात्र आईबापांची बाजू अगदीच पोकळ आहे असेही मी म्हणणार नाही. माझ्या बहिणीने पुण्याचा खर्च स्वतःच्या बांगड्या मोडून केला. मेहुण्यांना दम्याचा विकार आहे. डोळे मिटण्यापूर्वी पोरगी मार्गी लागलेली पाहावी, ही इच्छा काही अत्याचाराची इच्छा नाही. ज्यांनी आपल्यासाठी झीज सोसली त्यांना वर्षानुवर्षे टांगून ठेवणे हे काही स्वातंत्र्य नव्हे. तेव्हा प्रश्न सोपा नाही. एका बाजूला एक खरीखुरी अनिश्चितता आहे आणि दुसऱ्या बाजूला खरीखुरी माणसे वाट पाहत बसली आहेत.

त्या दिवशी माझ्या भाषणात मी एक उदाहरण घातले होते. ते माझे आवडते उदाहरण. ज्या सुरतेला तू जातेस, त्या सुरतेत एक बाई राहून गेली, असे मी तिला म्हणाले. डॉ. रखमाबाई. निश्चय कसा असावा ते तिच्याकडून शीक.

ही हकीकत वाचकांना परिचित असेल. तरी थोडक्यात सांगते. रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. पण त्या नांदायला गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाचत, शिकत राहिल्या. पुढे नवऱ्याने त्यांना नांदायला आणण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाणत्या वयात लावलेल्या लग्नाच्या जोरावर एका तरुण बाईला बळाने नवऱ्याच्या घरी धाडता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यावर अपील झाले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. आपण तुरुंग पत्करू, असे रखमाबाईंनी कळवले. साऱ्या हिंदुस्थानात गहजब झाला. बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूचे, तर टिळकांचा ‘केसरी’ विरुद्ध बाजूचा. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि १८९५ पासून वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सुरतेत बायकांच्या इस्पितळात काम केले. पुढे त्या राजकोटला गेल्या. १९५५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

हे सारे मी दर वर्षी नववीच्या मुलींना सांगत असे. शेवटी फळ्यावर ‘निश्चय’ हा शब्द लिहीत असे.

भाचीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून ती नांदायला गेली नाही?”

मी तोंड उघडले आणि थांबले. कारण खरे उत्तर ‘नाही’ असे होते. रखमाबाईंना शिक्षणाची ओढ लहानपणापासून होती, हे खरे. कोवळ्या वयातील लग्नाने मुलींची पुस्तके कशी हिरावून घेतली जातात, हे त्यांनी १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने वर्तमानपत्रात पोटतिडिकीने लिहिले. पण आपण डॉक्टर होणार, सुरतेत इस्पितळ चालवणार, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी नवऱ्याला नकार दिला नव्हता. नांदायला जायचे नाही, एवढेच त्यांना पक्के ठाऊक होते. जायचे कुठे, ते ठरायला आणखी वर्षे लागली. विलायतेची वाट खटल्यानंतर, मदतीला आलेल्या माणसांच्या आधाराने उघडली. नकार आधी आला. होकार कशाला द्यायचा ते मागाहून सापडले. आणि मधल्या काळात कुणी त्यांना ‘तुला नेमके हवे तरी काय?’ असे विचारले असते, तर त्यांनी काय उत्तर दिले असते, हे मला सांगता येणार नाही.

चाळीस वर्षे मी फळ्यावर जो शब्द लिहीत होते, तो शेवटाकडून सुरुवातीकडे पाहणाऱ्या माणसाचा शब्द होता. गोष्ट संपल्यावर सगळ्या वळणांतून एक सरळ रेघ काढता येते. चालणाऱ्याला ती रेघ दिसत नसते.

रखमाबाईंच्या चरित्रातली आणखी एक गोष्ट मी मुलींना कधी सांगत नसे, कारण ती माझ्या फळ्यावरच्या शब्दात बसत नव्हती. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेश धारण केला. ज्या लग्नाला लग्न मानण्यास त्यांनी नकार दिला, ज्यासाठी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, त्याच लग्नाचे वैधव्य त्यांनी अंगावर घेतले. का घेतले? लोकांसाठी? रुग्णबायकांनी विश्वासाने यावे म्हणून? की मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात हिशेब अजून मिटायचा होता म्हणून? मी अनेकदा विचार केला आहे. आता मला त्याचे उत्तर नको असे वाटते. इतक्या कणखर बाईच्या ठायीही जर काही न उलगडलेले राहू शकते, तर सत्तावीस वर्षांच्या मुलीकडून मी स्वच्छ उलगडा कोणत्या तोंडाने मागावा?

रखमाबाईंची सुटका दोन हजार रुपयांना झाली, ही गोष्टही विसरू नये. आमच्या जिल्ह्यात सातपुड्याच्या वरच्या अंगाला भिल्ल आणि पावरा लोकांत लग्नाच्या वेळी मुलाकडून मुलीच्या बापाला देज देण्याची रीत आहे. त्या समाजात बाईने नवरा सोडणे आणि दुसरा करणे ही जगबुडी मानत नाहीत. दिलेल्या देजाची परतफेड झाली, पंचांनी मिटवले, की वाट मोकळी होते. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात तरुण मुले-मुली एकमेकांना उघडपणे भेटतात. मैदानातल्या आम्हा लोकांना एके काळी हे रानटी वाटे. हल्ली त्याचे भाबडे कौतुक करण्याची पद्धत पडली आहे. मला दोन्ही पटत नाही. तिथे जाण्याची मोकळीक आमच्यापेक्षा जास्त आहे, हे खरे. पण तिथेही बाईच्या पायाला आकडा बांधलेला आहे, तोही खरा. मुंबईच्या न्यायालयात दोन हजार, धडगावच्या डोंगरात देज, आणि माझ्या बहिणीच्या घरी मोडलेल्या बांगड्या. बाईने मन बदलले की कुणाचे तरी पैसे बुडतात, अशीच आपली सर्वांची व्यवस्था आहे. तेव्हा ‘ठाऊक नाही’ हे उत्तर आपल्याला महाग पडते ते एवढ्याचसाठी.

या ठिकाणी माझ्याच मनातून एक आक्षेप उठला, आणि तो मी टाळणार नाही. धरसोड करायला मिळणे ही चैन आहे, असा तो आक्षेप. ज्या जिल्ह्यात सुमारे सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत, जिथून दिवाळी झाली की बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, तिथे एका शिकलेल्या मुलीला आपले मन कळत नाही, याचे एवढे काय मोठेसे?

मला माझी एक विद्यार्थिनी आठवते. अक्राणीच्या डोंगरातील, वसतिगृहात राहणारी. गणितात तिच्याइतकी तल्लख मुलगी मी फार थोड्या पाहिल्या. नववीत असताना ती होळीला घरी गेली आणि परत आली नाही. त्या वर्षी हजेरीपटावर तिच्या नावापुढे रिकामी घरे राहिली आणि एप्रिलमध्ये नाव कमी केले गेले. सात-आठ वर्षांनी धडगावच्या एस.टी. स्थानकावर ती भेटली. कडेवर एक मूल, हाताशी एक. तिनेच मला ओळखले. मी म्हटले, “अगं, तू परत का नाही आलीस? तुला शिकायचं नव्हतं का?”

ती हसली. म्हणाली, “बाई, मला कुणी विचारलंच नाही.”

त्या वाक्यात माझ्यावर ठपका नव्हता. तिच्या मनात तसे काही नसावे. पण तो माझ्यावर पडला, आणि अजून आहे. तिच्या बापाने विचारले नाही, हे तर झालेच. मी तरी कुठे विचारले? धडगाव काही चंद्रावर नव्हते. सकाळची एस.टी. होती. मी हजेरीपटावर रेघ मारली.

म्हणून त्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे. होय, ‘ठाऊक नाही’ म्हणता येणे ही आज चैन आहे, कारण ते म्हणण्यासाठी आधी कुणीतरी विचारावे लागते. परंतु एखादी गोष्ट थोड्यांनाच मिळते म्हणून ती त्यांच्याकडूनही काढून घ्यावी, हा न्याय नव्हे. दोन वेळचे पोटभर जेवण हीसुद्धा एके काळी चैनच होती. माझ्या भाचीने मुकाट्याने शहाद्याला नांदायला गेल्याने अक्राणीच्या मुलीला काही मिळणार नाही. मिळाले तर ते, डोंगरातल्या मुलीलाही ‘बाई, मला अजून ठाऊक नाही’ असे म्हणण्यापुरता वेळ देणारे घर आणि शाळा निर्माण झाल्यावरच मिळेल.

कायद्याने या बाबतीत काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. १९७८ साली ते अठरा झाले. हा मुलींना दिलेला काळ आहे. एकेक वर्ष मोजून, भांडून मिळवलेला. पण त्याच कायद्याच्या कपाटात दुसरीही वस्तू आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात, सोबत सोडून गेलेल्या जोडीदाराला परत नांदायला आणण्यासाठी न्यायालयात दाद मागण्याची तरतूद आहे. आता तुरुंगाची भीती नाही, आणि नवरा-बायको दोघांनाही ती दाद मागता येते. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. तो कायदा मे १९५५ मध्ये अमलात आला. रखमाबाई सप्टेंबरात वारल्या. म्हणजे ज्या तत्त्वाशी तरुणपणी त्या झगडल्या, ते स्वतंत्र भारताच्या कायद्यात नव्याने लिहिले गेलेले पाहूनच त्या गेल्या. न्यायालयाला माणूस घरात आणून सोडता येत असेल. मन आणून सोडता येत नाही, एवढे मात्र १८८७ सालीही खरे होते आणि आजही आहे.

बोलता बोलता दिवे लागले. फलाटावरून मराठीत, गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत त्याच त्याच सूचना दिल्या जात होत्या. भाची माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “मावशी, तुला ठाऊक होतं? लग्न करायचं नाही, शाळेतच राहायचं, हे तुझं पहिल्यापासून ठरलेलं होतं ना? आई तर तसंच सांगते.”

आई तसे सांगते, कारण मीच ते सगळ्यांना तसे सांगितले आहे. शिक्षणाला वाहून घेण्यासाठी मी लग्न केले नाही, हे आमच्या घरात एखाद्या तसबिरीसारखे भिंतीवर लागलेले आहे. निवृत्तीच्या समारंभातही वक्त्यांनी तेच सांगितले आणि मी मान खाली घालून ऐकले.

खरी गोष्ट अशी आहे. मी १९७७ साली नंदुरबारला नोकरीवर आले. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार हा वेगळा जिल्हा १९९८ साली झाला. तळोद्याच्या एका बँकेत एक गृहस्थ कामाला होते. पुस्तकांच्या देवघेवीतून ओळख झाली. १९७९ च्या पावसाळ्यात त्यांनी मला पत्र लिहिले. सरळ, सभ्य, दीड पानांचे. मी ते वाचले आणि मला काय वाटते ते मला कळेना. ते मला आवडत होते. नोकरी आवडत होती. सासरी नोकरी राहील की नाही ते सांगता येत नव्हते. मी ठरवले की खात्री झाल्यावरच उत्तर लिहायचे. आठ दिवस गेले, महिना गेला. खात्री होईना आणि खात्रीवाचून लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटे. दिवाळीनंतर कळले की त्यांनी बदली मागून घेतली. पुढे त्यांचे लग्न झाले. तो निरोप ऐकल्यावर मी घरी आले, कंदील लावला आणि मुलींच्या वह्या तपासायला घेतल्या. त्या रात्री कधीतरी मी ठरवले की आपण शाळेसाठी लग्न केले नाही.

म्हणजे माझा निश्चय हा माझ्या न लिहिलेल्या पत्रावर घातलेला पदर होता. पुढे तो खरा झाला. मी शाळेवर मनापासून प्रेम केले आणि माझे आयुष्य वाया गेले असे मला मुळीच वाटत नाही. पण आधी ठरले आणि मग झाले, असा तो क्रम नव्हता.

हे मी कुणाला सांगितले नव्हते. त्या बाकावर सांगितले. भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “ते किती दिवस थांबले?”

“चार महिने.”

“त्यांना तू काहीच कळवलं नाहीस?”

“काहीच नाही.”

हे उत्तर देताना माझी चूक मला स्वतःला प्रथमच नीट दिसली. इतकी वर्षे मी समजत होते की मला ठरवता आले नाही, हा माझा दोष. तो दोष नव्हता. चोविसाव्या वर्षी, एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल, कुणाला ठाऊक असते? माझा दोष असा की ‘मला अजून ठाऊक नाही’ हे एवढे तीन-चार शब्दांचे पोस्टकार्ड मी टाकले नाही. मला वाटे, उत्तर म्हणजे होय किंवा नाही. ‘ठाऊक नाही’ हेही उत्तर आहे, आणि ज्याने प्रामाणिकपणे विचारले त्याचा त्या उत्तरावर हक्क आहे, हे मला कुणी शिकवले नव्हते. ते कळते तर ते थांबले असते, किंवा न थांबण्याचे त्यांनी स्वतः ठरवले असते. मी त्यांचा तो निर्णय त्यांच्याकडून काढून घेतला. स्वतःच्या अनिश्चिततेचे ओझे मी न बोलता दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले आणि त्याला विचारशीलपणा म्हटले.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझे आजचे उत्तर हे आहे. न ठरणे हा अपराध नाही. न सांगणे हा आहे. पोटापाण्याच्या कामाबाबत माणसाने चुकावे, सोडावे, नवे धरावे. त्यात गेलेली वर्षे फुकट जात नाहीत. आश्रमशाळेत त्या मुलीने एक वर्ष मुलांना भिंतीवर चित्रे काढायला शिकवली. तिचा हात साड्यांच्या नक्षीकडे तिथूनच वळला. प्रेमाची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे दुसरा जीव वाट पाहत असतो. तिथे मनाला वेळ द्यावा, पण दुसऱ्याला अंधारात ठेवू नये. आणि मी कोण, हा तिसरा प्रश्न सत्तावीसाव्या वर्षी सुटत नाही, तसा सत्तराव्या वर्षीही सुटत नाही. चाळिशीत पांढरे वस्त्र घेणाऱ्या रखमाबाईंचाही तो सुटला होता असे मला वाटत नाही. तो सुटेपर्यंत जगणे थांबवून ठेवायचे नसते.

आणि घरच्यांचे कर्तव्य? ते मला याहून अवघड वाटते. मुलीने प्रामाणिकपणे ‘ठाऊक नाही’ म्हणावे असे वाटत असेल, तर ते ऐकून घेणारे कान घरात हवेत. त्या उत्तरावर रडारड होणार, बांगड्यांचा हिशेब निघणार, असे दिसले की मुली खोटे ‘हो’ म्हणतात, किंवा माझ्यासारख्या गप्प बसतात. खोट्या होकारांवर उभी राहिलेली घरे आपल्या आळीत किती आहेत, ते प्रत्येकाने मनाशीच मोजावे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातली कोंडी त्यात उघडपणे मांडली होती म्हणून केवढे वादळ उठले! लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. आणि ते नावही खरे नव्हते. मालतीबाई बेडेकरांना आपले म्हणणे मांडण्यासाठी आधी आपले नाव लपवावे लागले. आज नाव लपवावे लागत नसेल. पण म्हणणे अजून लपवावे लागते.

गाडी आली. भाची डब्यात चढली, खिडकीशी बसली. नाशिकला ती काय कळवणार, हे मी तिला विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही. गाडी सुटता सुटता तिने एवढेच विचारले, “मावशी, तळोद्याला परत कधी गेलीस?”

“एस.टी.तून जाते कधीकधी. उतरत नाही,” मी म्हणाले.

मी रिक्षा करून बहिणीच्या घरी आले. ती ओसरीवरच उभी होती. मेहुणे आत खोकत होते. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हलक्या आवाजात विचारले, “काय म्हणाली?”

“तिला ठाऊक नाही म्हणाली.”

“आणि तू? तू काय सांगितलंस तिला?”

मी पाणी प्याले आणि ओसरीवर टेकले. “बस इथं,” मी तिला म्हणाले, “तुलाही एक गोष्ट सांगायची राहिली आहे.”